दोन इंचांची तक्रार

तराजूकाकांना लोकांनी आयुष्यात काय काय म्हटलं असेल, ते सगळं त्यांनी मुकाट गिळलं. वजन-मापे खात्यात निरीक्षक म्हणून नोकरी केली की लोकांचं प्रेम वाट्याला येत नाही, हे त्यांना ठाऊकच होतं. ते रस्त्याला लागले की दुकानांची शटरं अर्धी खाली यायची. निवृत्तीनंतरही पिशवीत स्प्रिंगचा काटा घेऊन ते भाजी आणायला जात, म्हणून इमारतीतल्या पोरांनी त्यांचं हे नाव पाडलं, तेही त्यांनी चालवून घेतलं. पण त्या मंगळवारी हाडांच्या दवाखान्यात नर्सने त्यांना भिंतीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर सरकती फळी टेकवली आणि "पाच फूट सहा" असं म्हणत लिहूनही टाकलं, तेव्हा मात्र काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंतर दोन इंचांनी कमी झाल्यामुळे ती नेहमीपेक्षा लवकर पोचली असणार, असं शेजारचे पोस्टमास्तर नंतर म्हणाले, आणि काका त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

"आठ," काका नर्सला म्हणाले. "पाच फूट आठ."

"सहाच आहे, काका."

"बाई, नोकरीला लागताना माझी उंची खात्याने मोजलीय. वजन-मापे खात्याने. ते खातं चुकलं तर जगात कुणाला काही विकताच येणार नाही."

"तेव्हा असेल हो. वय झालं की होते थोडी कमी."

"वजन कमी होतं. उंची काय उतरायची वस्तू आहे?"

नर्सने मागच्या माणसाला बोलावलं. काका खुर्चीत जाऊन बसले आणि त्या फळीकडे रोखून बघत राहिले. खोट्या मापाकडे ते नेहमी असेच बघत. पूर्वी तेवढ्यानेच दुकानदाराला घाम फुटायचा, पण फळी लाकडी असल्यामुळे तिला काही फरक पडला नाही.

आता काका तिथे हौसेने गेले नव्हते. त्याचं असं झालं, की काकू लेकीकडे पंधरवडाभर म्हणून गेल्या आणि तिच्या दारातल्या पायपुसण्यात पाय अडकून पडल्या. पडल्या म्हणजे काही उंचावरून नाही. उभ्या होत्या त्या खाली बसल्या, इतकंच. पण हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडतं म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय, म्हणून तिथल्या डॉक्टरने हाडांची घनता तपासली, तर हाडं आतून विरळ झालेली. पंधरवड्याचे महिने झाले. प्लास्टर निघालं, मनगट वळायला लागलं, तरी लेक आईला सोडेना.

"बाबा, तुमची पाठ कायम धरलेली असते," ती फोनवर म्हणाली. "तुम्हीही हाडं तपासून घ्या. दोघंही ठिसूळ निघालात तर मी आईला कुणाच्या भरवशावर पाठवू? तपासा, औषध सुरू करा, रिपोर्ट मला पाठवा. मी स्वतः तिला आणून सोडते."

"हा बायकांचा आजार आहे."

"कुणी सांगितलं?"

"पोस्टमास्तरांनी."

"मग राहा पोस्टमास्तरांबरोबरच," लेक म्हणाली आणि फोन ठेवला. स्वभावाने ती आईवर गेली नव्हती, खात्यावर गेली होती.

काकांना बायकोची सवय होती असं म्हटलं तर ते अर्धवट ठरेल. त्यांचं एक रोजचं काम तिच्यावाचून अडलं होतं. लग्न झाल्यापासून एक पद्धत होती. सकाळी बाहेर पडताना काका उंबऱ्यात उभे राहत, काकू समोर येऊन उभ्या राहत, काका हनुवटी जराशी खाली घेत, आणि ती बरोबर काकूंच्या भांगावर टेके. "पास," काका म्हणत. मग काकू पिशवी हातात देत. ह्याला ते पडताळणी म्हणत. मुलगी लहान असताना तिला वाटायचं, सगळ्यांचे वडील असेच आईला तपासून कामाला जातात. नोकरी संपली तरी पडताळणी संपली नाही. दूध आणायला जायचं असलं तरी काका आधी उंबऱ्यात उभे राहत. आता काकू नव्हत्या. दार ओढण्याआधी त्यांची हनुवटी आपोआप खाली जाई, खाली काहीच लागत नसे, आणि मग पिशवी झटकून ते जिना उतरत. दूधवाल्याकडून येताना मात्र जिना चढायला त्यांना हल्ली फार वेळ लागे. घरी पोचायची घाई नव्हती.

तर हनुवटीचा हा मुद्दा काकांनी डॉक्टरबाईंपुढे पुरावा म्हणून मांडला.

डॉक्टरबाई वयाने लहान आणि स्वभावाने शांत होत्या. त्यांनी पडद्यावर काकांच्या कण्याचं चित्र दाखवलं. घनता बरीच कमी होती, आणि कमरेच्या वरचा एक मणका दबून पाचरीसारखा झाला होता.

"पाठ कधी एकदम भरली होती का?"

"निवृत्तीच्या आधी, वजनांची पेटी उचलताना. उसण होती. शेकली, गेली."

"ती उसण नव्हती काका. मणका दबला होता. बायकांना हे लवकर होतं आणि पुरुषांना जरा उशिरा, पण पुरुष तपासायलाच येत नाहीत. तुमची दोन इंच उंची अशीच गेलीय. थोडी तिथे, थोडी आजूबाजूला."

"शक्य नाही," काका म्हणाले. "उंची गेली असती तर माझी हनुवटी खाली आली असती. ती आजतागायत बायकोच्या भांगावर बरोबर टेकते. एक सूतही फरक नाही."

"काकूंची उंची किती?"

"माझ्या हनुवटीपर्यंत."

"आणि तुमची?"

"तिच्या डोक्यावर हनुवटी येईल इतकी."

डॉक्टरबाईंनी वाद न घालता आठवड्याला एक अशी गोळी लिहून दिली, ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पुढे वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, रोज चालायचं, दूध प्यायचं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला.

तो त्यांनी लेकीला पाठवला नाही. ज्या कागदावर एक माप खोटं, त्याच्यावरचं दुसरं खरं कशावरून, असा त्यांचा सवाल होता. गोळ्यांची पट्टीही त्यांनी न फोडता कपाटात ठेवली. चुकीच्या कागदावर औषध सुरू करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, आणि काकांचं घोडं एकदा तत्त्वावर अडलं की ते कुणाच्या बापाला हलत नसे.

रोज संध्याकाळी काकूंचा फोन येई.

"अहो, पाठवा ना तो कागद. ती नुसती वाट बघतेय."

"चुकीचा आहे. त्यांनी मला दोन इंच कमी धरलंय."

"दोन म्हणाले का?" काकूंनी विचारलं.

"दोन. सरळ दोन. मापाची पट्टीच खोटी आहे. मी तक्रार करतोय."

"असू दे हो. दोन इंचांनी काय होतंय?"

"असू दे कसं? उद्या कुणीही यावं आणि कुणालाही आखूड करून जावं?"

"मला इथे काही कमी नाही," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "जावई चांगले आहेत, पोरगी हातात आयतं ताट देते. पण मला घरी यायचंय. सकाळी डोक्यावर हनुवटी टेकली नाही की दिवस सुरू झालाय असं वाटतच नाही."

काकांना खूप काही बोलायचं होतं. "दूध घेतलंस का?" एवढंच त्यांनी विचारलं.

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ काकूंच्या पलंगावर बसून राहिले. तिच्या उशीला तेलाचा वास होता, तोही आता विरळ होत चालला होता. तिला आणायचा रस्ता आपल्याच खिशात घडी करून ठेवलाय, हे त्यांना कळत होतं. पण खोट्या मापाला मान्यता दिली तर आजवरच्या नोकरीला काय अर्थ राहिला? म्हणजे काका बायकोसाठी झुरत होते आणि बायको यायच्या वाटेत स्वतःच आडवे पडले होते. माणसाला असं करता येतं, आणि करताना आपण फार ताठ उभे आहोत असंही वाटत राहतं.

पोस्टमास्तरांशी अबोला संपला तसा त्यांच्या सल्ल्यांचा रतीब सुरू झाला. टपाल वाटण्यात जन्म गेल्यामुळे जे हातात पडेल ते पुढच्याच्या दारात टाकायचं, ही त्यांची सवय होती.

"आधी घरी मोजू," ते म्हणाले आणि शिवणाची टेप घेऊन आले. काका चौकटीला पाठ लावून उभे राहिले, पोस्टमास्तरांनी डोक्यावर पुस्तक धरलं आणि मापाच्या ठिकाणी पेन्सिल टेकवली. उंची भरली पाच फूट नऊ. काकांचा चेहरा खुलला, पण निरीक्षकाचा जीव स्वस्थ बसेना. पाहतात तर पुस्तक वर तिरपं धरलेलं, आणि टेपचा सुरुवातीचा तुकडा कधीचा झिजून गेलेला. पोस्टमास्तरांच्या घरात त्या टेपने शिवलेले सगळे अभ्रे उशांना का होत नाहीत, तेही त्या दिवशी कळलं.

"मग लटका," पोस्टमास्तर म्हणाले. "मणका मोकळा होतो. माझ्या साडूचा झाला."

काका पोस्टमास्तरांच्या बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या दांडीला लटकले. लटकले म्हणणं धाडसाचं होईल, कारण त्यांनी पाय उचलायच्या आतच दांडी दोन्ही आकड्यांसकट खाली आली आणि पोस्टमास्तरांच्या बायकोची ओली चादर काकांच्या डोक्यावरून पांघरली गेली. काका दांडी हातात धरून जिथल्या तिथे उभे होते. चादरीतून त्यांचा आवाज आला, "भिंतीतला स्क्रू आखूड होता. मापाशिवाय दुसरा घोटाळाच नाही जगात."

मग टाचा आपटण्याची पाळी आली. टाचा आपटल्या की हाडं घट्ट होतात, असं कुणीतरी पोस्टमास्तरांना सांगितलं होतं. काका सकाळी खिडकीशी उभे राहून टाचा आपटू लागले. चौथ्या सकाळी खालच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई वर आल्या. केसांत छताचा चुना होता.

"काका, माझ्या मुली तुमच्या टाचांवर गायला लागल्यात," त्या म्हणाल्या. "त्याचंही काही नाही. पण तुमची लय धावते."

हे काकांच्या मनाला लागलं. आखूड म्हटलं ते झालंच, आता बेताल.

शेवटी ते तक्रार घेऊन आपल्या जुन्या कार्यालयात गेले. ज्या बाकावर ते लोकांना ताटकळत बसवत, त्याच बाकावर बसले. बाक टणक होता, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"तुम्ही त्यांच्याकडून काय विकत घेतलंत?"

"काही नाही. त्यांनी माझी उंची मोजली."

"उंची मापून विकली का?"

"उंची कोण विकेल?"

"मग व्यवहार झाला नाही. व्यवहार नाही तर आपण पट्टी तपासू शकत नाही. नियम आहे."

"मूर्ख नियम आहे. कुणी केला?"

कारकुनाने मागच्या कपाटातून नियमांचं पुस्तक काढून पान उघडलं. खाली काकांची सही होती. अक्षर मात्र छान होतं, असं कारकून म्हणाला.

तेवढ्यात आतून सध्याचे साहेब आले. एकेकाळी काकांच्या मागून वजनांची पिशवी सांभाळत फिरणारा हा मुलगा आता टक्कल पडून साहेब झाला होता. त्याने काकांना आत नेऊन चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नियमात बसत नाही, पण तुमच्यासाठी मी सुट्टीच्या दिवशी येतो."

शनिवारी दोघं दवाखान्यात गेले. साहेबांनी मखमलीच्या पेटीतून खात्याची अस्सल मोजपट्टी काढली. ही पट्टी कधी वापरायची नसते. बाकीच्या पट्ट्या खऱ्या आहेत ना, हे पाहण्यापुरती ती असते. काका ती हातात घेणार तोच साहेबांनी त्यांना हातमोजे दिले. काकांना बरं वाटलं, पोरगं शिकलं होतं.

दवाखान्याची पट्टी केसाचाही फरक न पडता बरोबर निघाली.

"आता मला मोज," काका म्हणाले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

साहेबांनी मोजलं आणि पट्टी परत मखमलीत ठेवली. नर्स दुसरीकडे बघत होती.

"सहा?" काकांनी विचारलं.

"सहा. साहेब, तुम्हीच आम्हाला शिकवलंत, वापरातलं माप झिजतंच. त्यात त्याचा काही गुन्हा नसतो. फक्त मधून मधून ते अस्सल मापाला लावून बघायचं."

"मी रोज लावून बघत होतो," काका म्हणाले. "रोज सकाळी."

ते दवाखान्याच्या व्हरांड्यात गेले आणि लेकीला फोन लावला. "आईची उंची मोजली होती का गं तिथे? किती भरली?"

"चार फूट पावणेदहा. का?"

काकू पाच फूट होत्या. कॉलेजात असताना उंची मोजली होती, आणि 'पूर्ण पाच, एक सूत कमी नाही,' असं त्या अजून ऐटीत सांगत. काका कठड्याला टेकले. त्यांना एक जुना तेलवाला आठवला. त्याच्या दुकानात दोन वजनं होती, दोन्ही सारखीच झिजलेली. ती तो समोरासमोरच्या पारड्यांत ठेवून दाखवायचा आणि म्हणायचा, "बघा साहेब, काटा मधोमध. जुळतात की दोन्ही." काकांनी त्या दिवशी दोन्ही वजनं जप्त केली होती. एक झिजलेलं दुसऱ्या झिजलेल्याशी ताडून बघणं ह्याच्यापेक्षा मोठा अडाणीपणा नाही, असं त्याला भर बाजारात सुनावलं होतं.

काकांनी खिशातून रिपोर्ट काढला, गुडघ्यावर सरळ केला, फोटो काढून लेकीला पाठवला. दुसऱ्या सकाळी पहिली गोळी घेतली आणि अर्धा तास खिडकीशी ताठ उभे राहिले. बसलं तरी चालतं, असं पोस्टमास्तर म्हणाले. पण काकांना उभं राहावंसं वाटलं, कारण खिडकीतून रस्ता दिसत होता. मग सुतार बोलावून काकूंच्या स्वयंपाकघरातल्या फळ्या खाली घेतल्या, घरातली सगळी पायपुसणी गुंडाळून पोस्टमास्तरांच्या दारात टाकली, आणि वाट बघायला लागले. इतके दिवस काकांनी वाट बघितली नव्हती, फक्त वाद घातला होता. आता वाद संपला आणि घर एकदम फार मोठं वाटायला लागलं.

लेक काकूंना घेऊन आली तेव्हा काका दार उघडं टाकून आत फेऱ्या घालत होते. काकू थोड्या वाळल्या होत्या. उजवा हात जपून धरला होता, आणि उन्हातून आल्यामुळे नाक लाल झालं होतं. लेक आल्या आल्या खाली वाकून पायपुसणी शोधत आत गेली. काकू उंबऱ्यातच थांबल्या.

"तुला एक सांगायचंय," काका म्हणाले. "दोन्ही मापं खोटी निघाली. तुझंही आणि माझंही. आपण इतकी वर्षं एकमेकांना पास करत होतो."

"मला माहीत होतं," काकू म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"तुमची ती पाठ भरली ना, त्यानंतर तुम्ही पहिल्यांदा बाहेर पडलात, तेव्हा हनुवटी माझ्या कपाळावर आली. मी पटकन गुडघे वाकवले. तुम्हाला कळलं असतं तर केवढे घाबरला असतात. मग रोजच वाकवायला लागले."

"रोज?"

"मग हळूहळू वाकवायची गरज पडेना. मला वाटलं, गुडघ्यांना सवय झाली." त्या हसल्या. "तर हे होतं होय."

"निरीक्षकाची फसवणूक," काका म्हणाले, पण त्यात जरब आली नाही. "खात्यात असतो तर तुझ्यावर खटला भरला असता."

"भरा. आधी पडताळणी करा. किती दिवस राहिलीय."

"सरळ उभी राहा. गुडघे अजिबात वाकवायचे नाहीत."

काकू सरळ उभ्या राहिल्या, जितकं सरळ होता येत होतं तितक्या. डोळे मिटून घेतले. काकांनी हनुवटी खाली घेतली. भांग खालीच राहिला. अंतर होतं पाव इंचाचं, पण हनुवटी टेकत नव्हती. काकू बिचाऱ्या त्यांच्याहून थोड्या जास्तच झिजल्या होत्या. मान आणखी वाकवावी तर पुढे वाकायची डॉक्टरबाईंनी मनाई केली होती.

काकांनी आयुष्यात एकही खोटं माप पास केलं नव्हतं. त्यांनी एकदा मागे बघितलं, लेक स्वयंपाकघरात फळ्या हलवून बघत होती. मग पाठ ताठ ठेवून त्यांनी हळूच गुडघे वाकवले. हनुवटी भांगावर टेकली. केसांना तोच तेलाचा वास होता. तेवढ्यात उजवा गुडघा कटकन वाजला.

"काय वाजलं?" काकूंनी डोळे न उघडता विचारलं.

"दार. बिजागरी वाजते हल्ली."

"आणि माप?"

"पास," काका म्हणाले.

"तेल घाला हो तिला एकदा," काकू म्हणाल्या, आणि जागच्या हलल्या नाहीत.